स्कर्टिंग
स्कर्टिंग : खोलीची भिंत व जमीन ज्या रेषेत एकमेकींस मिळतात, त्या रेषेलगत भिंतीच्या तळाशी बसविलेली दगड, लादी, सिमेंट किंवा लाकूड यांची अरुंद पट्टी. तळपट्टी, भिंतपट्टी असे मराठी पर्याय सुचविता येतात; तथापि गवंडी, फरशीवाले व सुतार यांच्या बोलण्यात स्कर्टिंग हाच शब्द रूढ आहे. अमेरिकेत याच पट्टीला बेसबोर्ड म्हणतात. घरगुती बांधकामात तिची उंची सामान्यतः १० सेंमी. (४ इंच) असते. जुन्या सरकारी इमारतींत व बंगल्यांत ती १५ सेंमी. किंवा त्याहून अधिक आढळते. जाडी पदार्थानुसार ८ ते २५ मिमी. पर्यंत बदलते. गिलावा व फरशी यांच्यामधील ओबडधोबड सांधा झाकणे, जमीन धुताना व पुसताना उडणाऱ्या पाण्यापासून भिंतीचा तळ राखणे आणि केरसुणी, खाटा, पेट्या यांचे धक्के सोसणे ही तिची कामे होत. सलग भिंतीवर पट्टी बसविणे फारसे अवघड नसते. अडचण येते ती कोपऱ्यात. कारण पट्टी काटकोन गृहीत धरून कापली जाते आणि घरातील भिंती सहसा तंतोतंत काटकोनात नसतात. यामुळे पट्टी कापण्यापूर्वी कोपरा मोजणे, हा या कामाचा मुख्य भाग ठरतो.

पूर्वपीठिका : भिंतीचा तळ वेगळा राखण्याची चाल स्कर्टिंगहून पुष्कळ जुनी आहे. यूरोपीय वास्तुकलेत स्तंभाच्या बैठकीवरून भिंतीलाही तळपट्टा देण्याची कल्पना आली. सतराव्या शतकात नेदर्लंड्समधील घरांत भिंतीच्या तळाशी डेल्फ्टच्या निळ्या-पांढऱ्या लाद्यांची ओळ बसवीत; फरशी धुताना चुन्याची भिंत खराब होऊ नये, हा त्यामागील व्यावहारिक हेतू होता. महाराष्ट्रातील मातीच्या घरांत हेच काम सारवणाने होई. जमीन शेणाने सारवताना सारवण भिंतीवर वीतभर चढवीत आणि त्यामुळे जमीन व भिंत यांच्यामधील कोपरा आपोआप गोलसर होई. त्यात कचरा अडकत नसे व किड्यामुंग्यांनाही फट मिळत नसे. चुन्याने सफेती दिलेल्या भिंतीच्या तळाशी गेरूचा किंवा कावेचा पट्टा ओढण्याची रीत अनेक खेड्यांत आजही दिसते. पुढेपुढे काही ठिकाणी गेरूची जागा डांबराने वा तैलरंगाने घेतली. सिमेंटच्या काळात स्नानगृहाच्या व गच्चीच्या कोपऱ्यात गवंडी जो गोलाकार ‘वाटा’ मारतात, तो सारवणाच्या गोलाईचाच कठीण अवतार म्हणावयास हरकत नाही.

बारामती व इंदापूर : पुणे जिल्ह्याच्या पूर्व टोकाकडील या दोन तालुक्यांतील घरांचे उदाहरण या विषयाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. हा प्रदेश पर्जन्यछायेत येतो. वार्षिक पाऊस सु. ५०० मिमी.च्या आसपास असतो. दक्षिणेस नीरा व उत्तरेस भीमा या नद्या आणि बारामतीतून वाहणारी कऱ्हा यांच्या काठी खोल काळी जमीन आहे. माळावर मुरूम व बेसाल्ट खडक उघडा पडतो. जुन्या वस्तीतील घरे पांढरीच्या मातीच्या जाड भिंतींची व माळवदाची असत. बारामती येथील बाबूजी नाईकांचा वाडा किंवा इंदापूर येथील मालोजीराजांची गढी यांसारख्या बांधकामांत तळाशी घडीव अथवा अनघड काळा दगड व वर वीट किंवा माती अशी रचना सामान्यतः आढळते. अशा भिंतींची जाडी मोठी, तोंडे कमीअधिक फुगलेली आणि कोपरे डोळ्यांच्या अंदाजाने धरलेले असतात. गावठाणातील जागाही वाटण्या होत होत वेड्यावाकड्या झालेल्या असल्यामुळे खोल्यांना चारही काटकोन मिळणे दुर्मिळच. याउलट, १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या जलाशयात भीमाकाठची गावे गेल्यानंतर वसलेल्या नव्या गावठाणांत आणि शहरांलगतच्या वसाहतींत भूखंड आखीव आहेत. तेथे भिंती बऱ्याच अंशी गुण्यात सापडतात. जुन्या घरात नवी फरशी घालताना कोपऱ्याचा प्रश्न जितका तीव्र होतो, तितका नव्या घरात होत नाही.

या भागात दगडी फरशी रुळण्यास लोहमार्ग बराच कारणीभूत ठरला. शहाबाद हे चुनखडकाचे गाव (कर्नाटक) मुंबई–चेन्नई लोहमार्गावर असून दौंड, सोलापूर ही स्थानकेही त्याच मार्गावर आहेत. त्यामुळे करड्या शहाबादी फरशीची आवक सोलापूर व पुणे या दोन्ही जिल्ह्यांत सुलभ झाली. फरशी आली तेव्हा तिच्याबरोबर तिचीच कापलेली पट्टी भिंतीस लावणे ओघानेच आले. नंतर कडप्पा, कोटा, मोझेइक लाद्या व अलीकडे चकचकीत भाजलेल्या लाद्या या क्रमाने पदार्थ बदलत गेले. लाकडी पट्टीचा प्रसार मात्र येथे कधीच मोठा झाला नाही. वाळवी, धुण्याची जमीन व सागवानाची किंमत ही त्याची कारणे होत. बंगले, कार्यालये, सभागृहे व अलीकडे लाकडी तक्तपोशीसारखी जमीन घातलेल्या खोल्या एवढ्यापुरतीच ती दिसते. तरीही कोपरा कापण्याची विद्या मुळात सुतारांचीच असून ती समजली की दगड व लादी यांचे कामही समजते.

कोपऱ्याची मोजणी : गवंडी व सुतार भिंतीविषयी बोलताना ती ओळंब्यात, पाणसळीत व गुण्यात आहे की नाही, असे तीन प्रश्न विचारतात. पट्टीच्या कामात तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. लहान गुण्या कोपऱ्यात टेकवून पाहणे पुरेसे नसते. गिलावा करताना रंधा कोपऱ्याच्या अगदी टोकापर्यंत नीट फिरत नाही. तेथे गिलाव्याचा थर जाड राहतो व कोपरा किंचित बुजल्यासारखा होतो. गुण्या त्या फुगवट्यावर बसून खोटी साक्ष देतो. म्हणून अधिक लांबीवर मोजावे. कोपऱ्यापासून एका भिंतीवर ६० सेंमी. व दुसरीवर ८० सेंमी. अंतरावर, जमिनीलगत, खुणा कराव्या आणि त्यांमधील तिरके अंतर फितीने मोजावे. ते १०० सेंमी. भरल्यास कोन ९०° असतो. (भूमितीतील ३–४–५ या काटकोन त्रिकोणाचे हे मोठे रूप होय, पाया आखताना गवंडी दोरीने हेच करतात.) तिरके अंतर १०० सेंमी.पेक्षा जितके सेंमी. अधिक, तितक्या पटीत प्रत्येकी सु. १·२° कोन मोठा, आणि जितके कमी तितका लहान, असे समजावे. उदा., अंतर १०२ सेंमी. भरले तर कोन सु. ९२·४° असतो, दोन्ही पट्ट्यांचा काप त्याच्या निम्म्याने, म्हणजे ४६·२° ने, घ्यावा लागतो. येथे ४५° चाच काप घेतल्यास १८ मिमी. जाडीच्या पट्टीच्या दर्शनी कडेला सु. १ मिमी. फट राहते. एक मिमी. हे अंतर कागदावर क्षुल्लक वाटते. पांढऱ्या भिंतीलगत पॉलिश केलेल्या पट्टीत ते खोलीच्या दारातून दिसते.

कोन अंशांत मोजण्याचे साधन नसल्यास आणखी सोपी रीत आहे. पट्टीचा एक तुकडा एका भिंतीला सपाट टेकवून त्याच्या पुढील कडेची रेषा जमिनीवर पेन्सिलीने ओढावी. तोच तुकडा दुसऱ्या भिंतीला टेकवून दुसरी रेषा ओढावी. या दोन रेषा जेथे छेदतात तो बिंदू आणि भिंतींचा कोपरा यांना जोडणारी रेषा हीच कापाची दिशा. पाते फिरणारा गुण्या भिंतीला लावून त्याचे पाते या रेषेवर आणावे, चाप आवळावा आणि तोच कोन पट्टीवर उतरवावा. आतल्या व बाहेरच्या अशा दोन्ही कोपऱ्यांस ही रीत लागू पडते. कोन किती अंशांचा आहे हे जाणून घेण्याची गरजच राहत नाही. फरशीवर खुणा उमटू नयेत म्हणून कोपऱ्यात कागद चिकटवून त्यावर रेषा काढतात.

मोजणीपूर्वी कोपऱ्यातील गिलाव्याचा फुगवटा पट्टीच्या उंचीपर्यंत छिन्नीने काढून टाकावा. ही जागा पुढे पट्टीमागे झाकली जाणार असल्याने ती ओबडधोबड राहिली तरी चालते. घरी काम करणारे बहुतेक लोक ही पायरी गाळतात आणि मग बरोबर कापलेली पट्टीही कोपऱ्यात भिंतीपासून सुटून उभी राहते. दोष कापाला दिला जातो.

आतला कोपरा : दोन भिंती खोलीच्या आतील बाजूस मिळतात तेथील सांधा दोन प्रकारे करता येतो. दोन्ही पट्ट्या निम्म्या कोनाने तिरक्या कापून तोंडास तोंड भिडविणे हा पहिला प्रकार. तो दिसण्यास नेटका असला, तरी कोनातील चूक व लाकडाचे आकसणे या दोहोंनाही तो उघडे पाडतो. भिंतींमधील कोन काटकोनाहून मोठा असेल तर ४५° च्या कापाची फट पुढील बाजूस पडते; लहान असेल तर ती मागे, भिंतीकडे, पडून झाकली जाते.

दुसऱ्या प्रकारात पहिली पट्टी काटकोनात कापून थेट भिंतीपर्यंत नेतात व दुसरीचे तोंड पहिलीच्या घाटाप्रमाणे कोरून तिच्यावर टेकवितात. घाटदार, म्हणजे वरच्या कडेला गोलवा किंवा खाच असलेल्या लाकडी पट्टीसाठी हीच रीत श्रेयस्कर होय. कोरण्याची रेषा मिळविण्याची युक्ती अशी : दुसऱ्या पट्टीचे टोक प्रथम ४५° ने असे तिरके कापावे की तिचा कापलेला भाग समोरून दिसेल. या कापाची दर्शनी कड म्हणजेच पहिल्या पट्टीच्या घाटाची बाह्यरेषा असते. ती पेन्सिलीने ठळक करून बारीक पात्याच्या कमानी करवतीने त्या रेषेवरून कापावे. करवत किंचित मागे कलती धरावी, म्हणजे पट्टीची फक्त दर्शनी कड टेकते व मागील लाकूड आड येत नाही. उरलेले उंचवटे गोल कानशीने व काचकागदाने काढतात. अशा सांध्यात भिंतींचा कोन एक-दोन अंशांनी चुकला तरी फट पडत नाही, कारण कोरलेले टोक पहिल्या पट्टीच्या अंगावर कोठेही टेकू शकते. साधी, चौकोनी पट्टी असेल तर कोरण्याचा प्रश्नच नसतो. दुसरी पट्टी पहिलीस सरळ भिडविली की पुरे.

कोणती भिंत आधी घ्यावी यालाही कारण आहे. दारातून आत येणाऱ्याच्या समोरील भिंतीची पट्टी प्रथम, दोन्ही टोके काटकोनात कापून, बसवावी. नंतर दोन्ही बाजूंच्या भिंतींच्या पट्ट्या तिच्यावर टेकवाव्या. मग सांध्यात बारीक फट राहिलीच तरी ती बघणाऱ्याच्या दृष्टिरेषेच्या आड जाते. दाराच्या भिंतीवरील पट्ट्या शेवटी बसवितात. त्या चौकटीस सरळ भिडतात. चौकट पट्टीहून पातळ असल्यास पट्टीचे टोक तासून उतरते करावे. पट्टीची लांबी खोलीच्या मापाहून १ मिमी. अधिक ठेवून ती किंचित वाकवून दोन भिंतींत दाबून बसविण्याची सुतारांची पद्धत आहे. त्यामुळे दोन्ही टोकांचे सांधे आपोआप घट्ट बसतात. मातीच्या किंवा चुन्याच्या भिंतीत मात्र हे करू नये, कोपऱ्याचा गिलावाच सुटतो.

बाहेरचा कोपरा : खांब, चिमणी, बाहेर आलेला कोनाडा किंवा पडवीकडे वळणारी भिंत अशा ठिकाणी कोपरा खोलीत पुढे आलेला असतो. येथे पट्टी कोरून टेकविता येत नाही. दोन्ही पट्ट्या तिरक्या कापणे हाच मार्ग. मोजण्याची चूकही येथे उलट दिसते. भिंतीचा पुढे आलेला कोन ९०° हून लहान असेल तर ४५° च्या कापाची फट दर्शनी बाजूस उघडते. मोठा असेल तर ती मागे लपते. म्हणून अनुभवी सुतार बाहेरच्या कोपऱ्यावर मोजलेल्या निम्म्या कोनाहून सु. अर्धा अंश अधिक निमुळते टोक ठेवतात. पुढील कडा आधी भिडतात, मागे केसभर पोकळी राहते व तेथे सरस साठतो. सरस लावून, दोन्ही बाजूंनी बिनमाथ्याचे बारीक खिळे मारून सांधा पक्का करतात. खिळ्यासाठी आधी सामत्याने किंवा बारीक गिरमिटाने भोक पाडले नाही तर निमुळते टोक चिरते. बाहेरचा कोपरा हा धक्का लागण्याचा कोपरा असल्याने त्याची धार काचकागदाने जराशी मोडून ठेवावी.

माप घेताना आतल्या कोपऱ्यात भिंतीचे माप हे पट्टीच्या मागील बाजूचे, म्हणजे सर्वांत लांब बाजूचे, माप असते; बाहेरच्या कोपऱ्यात पट्टीची दर्शनी बाजू भिंतीच्या मापाहून लांब भरते. वाया गेलेल्या पट्ट्यांपैकी बहुतेक या एका घोटाळ्यात जातात. पट्टीच्या पाठीवर भिंतीची खूण करून, कापाचा उतार कोणत्या दिशेस आहे हे त्यावरच रेखाटून ठेवणे हा साधा उपाय होय. ३·६ मी. × ३ मी. मापाच्या व ०·९ मी. रुंदीचे एक दार असलेल्या खोलीस सु. १२·३ मी. पट्टी लागते, नवशिक्याने त्यावर दहा टक्के तरी जादा घ्यावी आणि पहिला काप टाकाऊ तुकड्यावर करून पाहावा.

जमिनीचा ढाळ : मराठी घरात जमीन धुण्याची पद्धत असल्याने फरशीला मोरीकडे किंवा दाराकडे ढाळ दिलेला असतो. अशा खोलीत पट्टीची वरची कड पाणसळीत ठेवावी की फरशीला समांतर, याबाबत कारागिरांत मतभेद आढळतात. ढाळ थोडा, म्हणजे खोलीच्या लांबीत ५–६ मिमी. पर्यंत असेल, तर वरची कड पाणसळीत ठेवून खालची कड जमिनीप्रमाणे रंध्याने उतरवून घेणे चांगले दिसते. त्यासाठी पट्टी जागेवर ठेवून, योग्य जाडीची चीप जमिनीवरून सरकवीत तिच्यावर टेकवलेल्या पेन्सिलीने पट्टीवर रेषा ओढतात. ढाळ त्याहून अधिक असल्यास पट्टी फरशीला समांतर ठेवणेच इष्ट. एरवी एका कोपऱ्यात पट्टी दहा सेंमी. व दुसऱ्या कोपऱ्यात आठ अशी दिसते, आणि डोळ्याला पाणसळीपेक्षा पट्टीची रुंदी आधी जाणवते. कोपऱ्यात दोन्ही पट्ट्यांच्या वरच्या कडा एका पातळीत मिळाल्या पाहिजेत, हे बंधन दोन्ही पद्धतींत पाळावेच लागते. म्हणून काम नेहमी कोपऱ्यातील उंची ठरवून, तेथून भिंतीच्या मध्याकडे न्यावे.

दगड व लादी : शहाबादी, कोटा व कडप्पा यांच्या पट्ट्या चुन्यात किंवा सिमेंटच्या मसाल्यात बसवितात. भिंतीचा गिलावा पट्टीच्या वरच्या कडेपर्यंतच आणून खाली वीट उघडी ठेवली, तर पट्टी गिलाव्याच्या पुढे फक्त ६ ते १० मिमी. येते. गिलावा जमिनीपर्यंत करून त्यावर पट्टी चिकटविल्यास ती पुढे येऊन तिच्या माथ्यावर धूळ साठते. फरशीचे सांधे व पट्टीचे सांधे एका रेषेत ठेवणे ही चांगल्या फरशीवाल्याची ओळख समजतात. आतल्या कोपऱ्यात दगडी पट्ट्या एकमेकींस सरळ भिडवितात. बाहेरच्या कोपऱ्यावर पाठीमागील कड कापयंत्राने तिरकी घासून घेतात. मात्र दर्शनी कडेला सु. १ मिमी. जाडी राखावी लागते, कारण धारदार टोक दगडाचे असो वा भाजलेल्या लादीचे, पहिल्याच धक्क्याला त्याची टवके उडतात. तिरका काप जमत नसल्यास एका पट्टीची कड पॉलिश करून ती दुसरीवर सरळ नेणे हा प्रामाणिक पर्याय आहे आणि चांगल्या हाताने केल्यास तो मुळीच वाईट दिसत नाही.

मोझेइकची पट्टी जागेवरच ओतण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शाळा, रुग्णालये व सधन घरे यांत सर्वत्र होती. पांढरे सिमेंट, रंग व संगमरवराची खडी यांचे मिश्रण भिंतीवर थापून, कोपऱ्यात गोलवा देऊन, सुकल्यावर घासतात. जमीन यंत्राने घासली जाई. परंतु यंत्र भिंतीच्या कडेपर्यंत पोहोचत नसल्याने पट्टी व कोपरे कारबोरंडमच्या दगडाने हातानेच घासावे लागत. या कामास वेळ व मजुरी भरपूर लागे. त्याबदल्यात सांधा नसलेला, कापाची चूक संभवतच नाही असा कोपरा मिळे. आजच्या लाद्यांच्या पट्टीत ही सोय राहिलेली नाही.

कापयंत्राने दगड वा लादी कापताना पाणी सोडत राहावे. भाजलेल्या लाद्या व ग्रॅनाइट यांच्या कोरड्या धुळीत सिलिका असते व ती फुप्फुसास अपायकारक ठरते [→ सिलिकामयता]. डोळ्यांवर चष्मा व नाकातोंडावर योग्य मुखपट्टी असल्याशिवाय हे काम घरात करू नये.

ओल व लोणा : पट्टी सुटण्याचे कारण नेहमीच कापात नसते. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाल्यापासून बारामती व इंदापूर तालुक्यांतील कालव्याखालच्या जमिनी उसाखाली आल्या. अतिसिंचन व अपुरा निचरा यांमुळे त्यांतील काही पाणथळ व खारवट झाल्या. अशा जमिनीलगतच्या घरांत भूजल उथळ असते. पायात ओलरोधक थर नसेल तर ते क्षारांसह केशाकर्षणाने भिंतीत चढते. पृष्ठभागावर पाणी उडून जाते व क्षार गिलाव्याच्या सूक्ष्म छिद्रांत स्फटिकरूपाने साठतात; स्फटिक वाढताना गिलाव्याचे पोपडे निघतात. यालाच भिंतीला लोणा लागणे म्हणतात. पांढरीच्या मातीच्या व चुन्याच्या जुन्या भिंती ही ओल बाहेर टाकीत राहतात आणि सारवण दरवेळी नव्याने चढत असल्याने नुकसान दिसून येत नसे. अशा भिंतीच्या तळाशी सिमेंटच्या मसाल्यात घट्ट बसविलेली, पाणी न झिरपणारी लादी लावली की ओलीचा तेथील मार्ग बंद होतो. ती नाहीशी होत नाही, पट्टीच्या वर चढते आणि पूर्वी वीतभर असलेला लोण्याचा पट्टा हातभर होतो. पट्टी आणखी उंच करणे हा त्यावर वारंवार योजला जाणारा उपाय चुकीचा आहे. ओलीची रेषा तितकीच वर सरकते. भिंतीबाहेरील पाण्याचा निचरा, शक्य तेथे ओलरोधक थर, पट्टीमागे सिमेंटऐवजी चुन्याचा मसाला आणि पट्टीच्या वर तैलरंगाऐवजी चुन्याची सफेती हे उपाय क्रमाने करावे [→ चुना]. लाकडी पट्टी अशा भिंतीवर लावूच नये. ओल व वाळवी एकाच वाटेने येतात.

काळ्या जमिनीवरील कोपरे : काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया मुरमापर्यंत नेलेला नसेल तर तिच्याबरोबर घरही हालते. भिंतीच्या मध्यापेक्षा बाहेरचे कोपरे अधिक हालतात, कारण त्यांच्या दोन बाजूंची जमीन उघडी असून ती लवकर भिजते व लवकर सुकते. परिणामी कोपऱ्यातील पट्टीचा सांधा वैशाखात उघडतो व पावसाळ्यानंतर मिटतो. ही फट उन्हाळ्यात कठीण लांबीने किंवा सिमेंटने बुजविल्यास पावसाळ्यात ती मिटू पाहते तेव्हा आत भरलेला पदार्थ पट्टीलाच भिंतीपासून ढकलतो. अशा घरांत तोंडास तोंड भिडविलेल्या तिरक्या सांध्यापेक्षा एक पट्टी दुसरीवर टेकविलेला सांधा टिकतो, कारण टेकलेले टोक थोडे मागेपुढे सरकले तरी रेषा मोडत नाही. कोपऱ्याजवळचे सु. १५ सेंमी. अंतर खिळ्या-स्क्रूविना मोकळे ठेवावे, सांध्यात लवचिक सिलिकोन भरावे आणि दगडी पट्टीच्या बाबतीत कोपऱ्याच्या सांध्यात मसाला न भरता तोही याच पदार्थाने बंद करावा. भिंतीत वर तिरकी, पायरीसारखी भेग गेलेली असेल तर मात्र पट्टीच्या दुरुस्तीस हात घालण्यापूर्वी पाया तपासून घेणे आवश्यक असते.

लाकडी पट्टी भिंतीत बसविताना सु. ६० सेंमी. अंतरावर भोके पाडून त्यांत गिट्ट्या ठोकतात व त्यांवर स्क्रू आवळतात. विटेच्या भिंतीत गिट्टी पकड घेते. मातीच्या भिंतीत ती घेत नाही, म्हणून तेथे भिंत बांधतानाच पुरलेल्या लाकडी ठोकळ्यांचा आधार लागतो. पट्टीच्या पाठीस, जी पुन्हा कधीच दिसणार नाही, बसविण्यापूर्वी रंगाचा अथवा वाळवीप्रतिबंधक द्रवाचा हात द्यावा. कापलेली टोके सर्वाधिक ओल शोषतात, त्यामुळे प्रत्येक काप झाल्यावर टोकासही तोच हात देऊन मग पट्टी कोपऱ्यात बसवितात.